चावडीवरची पंगत

काळुरामला शेठ म्हटलेलं आवडत नाही, म्हणून आपणही म्हणायला नको. पण शीळफाट्याजवळच्या त्याच्या गावात त्याला दुसऱ्या नावाने हाक मारणारं माणूसच आता उरलेलं नाही. रिक्षावाला शेठ म्हणतो, बिल्डरच्या ऑफिसातला पोरगा शेठ म्हणतो, देवळाच्या कमिटीवाले तर पावतीपुस्तक काढायच्या आधीच दोनदा म्हणून घेतात. जमीन गेली, टॉवर उभे राहिले, हातात पैसा आला आणि काळुराम नावाचा माणूस गावातून गायबच झाला. बायको गोदा होती तोवर निदान तिचं "अवो, ऐकलंत का" तरी कानावर पडायचं. तीही गेली. मुलगा हर्षित डंपर आणि जेसीबीच्या धंद्यात, जेवायच्या वेळेला घरी सापडेल तर शपथ. घरात राहिली सून करिश्मा, डोंबिवलीची, घरी बसूनच ऑफिसचं काम करणारी. आणि सोफ्यावर बसून बसून आंबलेला हा सासरा.

त्यात पाय मोडला. जन्मभर चिखलातून चालला, कधी पडला नाही. पडला तो गुळगुळीत टाइल्सच्या बाथरूममध्ये. प्लास्टर घातल्यावर त्याने घर डोक्यावर घेतलं. चहा गार का, पंखा फास्ट का, टीव्हीवर हेच का. शेवटी करिश्मा वैतागली. तिने हर्षितचा जुना कॉम्प्युटर पुसून त्याच्यापुढे ठेवला.

"बाबा, हा ठोकळ्यांचा गेम आहे. कॉलेजात मी खूप खेळलेले. यात जमीन खणता येते, झाडं लावता येतात. करा काय करायचं ते, पण माझं डोकं खाऊ नका."

गेम कंपनीचा असला तरी खेळायची जागा आपली आपण करता येते. कुणीतरी इंटरनेटवरचं मशीन भाड्याने घेतो, त्यावर एक जग मांडतो, आणि तिथले नियमही तोच ठरवतो. त्या जागेला सर्व्हर म्हणतात. करिश्माने ज्या सर्व्हरवर सासऱ्याला नेऊन सोडलं त्याचं नाव 'चावडी'. कल्याण पूर्वेचा राजरत्न नावाचा तरुण तो चालवायचा. दिवसा कुठल्याशा कंपनीत फोनवर लोकांच्या शिव्या खायच्या, आणि उरल्या वेळात चावडी सांभाळायची. ठाणे-कल्याण-डोंबिवलीची पोरं-पोरी तिथे जमायची, खाणी खणायची, घरं बांधायची, भांडायची.

पहिल्याच दिवशी काळुराम तिथे कड्यावरून पडून मेला. मग पाण्यात बुडून मेला. मग अंधारात भूत आलं आणि त्याने मारलं. "ओ मामा, दार लावा की! झोपताना दार उघडं ठेवतात का?" कुणीतरी लिहिलं. ही होती रचना, कोपरीची, एका दवाखान्यात नर्स. ती त्या जगात मासे धरायची. तिने त्याला एक मासा दिला, राहायला खोपटं दाखवलं, आणि त्या दिवसापासून तो सगळ्यांचा मामा झाला. शेठ नाही, साहेब नाही, मामा. त्याची अक्कल काढायलाही कुणी मागेपुढे बघायचं नाही. त्याला काय आनंद झाला म्हणून सांगू! करिश्माला म्हणाला, "पोरी, आज मना एका पोरान गाढव बोल्लं." आणि पोट धरून हसला.

पाय बरा झाला, पण खुर्ची सुटली नाही. कारण तोवर त्याने तिथे शेत काढायला घेतलं होतं. साधंसुधं नाही, आपलंच. टॉवरखाली गेलेलं. आठवून आठवून एकेक खाचर, एकेक बांध, विहीर, कडेचा आंबा. गेममध्ये भात नाही, गहू आहे. आता पिढ्यानपिढ्या भात लावणाऱ्या आगऱ्याने गहू पेरायचा म्हणजे काय! पण त्याने बांध घातलेच, पाणी तुंबवलंच, आणि गहूही आला. "मामा, एवढे बांध कशाला? सरळ लाइनीत पेरा ना," पोरं म्हणायची. तो काही सांगत बसायचा नाही. करिश्मा चहा घेऊन यायची तेव्हा मागे उभी राहून बघायची, कप ठेवायची आणि जायची. दोन वर्षं हे चाललं. चावडीवरचं निम्मं जग त्याच्या भाकरीवर जगायचं. रचना मासे घेऊन यायची, कुणी कोळसा आणायचा, कुणी नुसतंच तोंड वर करून यायचं, आणि भाकर घेता घेता तासभर गप्पा व्हायच्या.

आता यात वाकडं कुठे शिरलं ते ऐका.

चावडीचं मशीन राजरत्न वर्गणीवर चालवायचा. जो पैसे देईल त्याचं नाव रंगीत दिसेल, बाकी काही नाही. कुणी कुरकुर केली की तो म्हणायचा, "आमच्या विहारात पंख्याच्या पात्यावर देणगी देणाऱ्याचं नाव असतं. वारा सगळ्यांना सारखा लागतो." फार चांगला नियम होता. पण लोक वाढले, मशीन अडकायला लागलं, मोठं मशीन घ्यायची वेळ आली, आणि वर्गणी देणारे तेच ते चार. मागून मागून बिचाऱ्याचं तोंड दुखलं. शेवटी त्याने दुकान मांडलं. त्यात एक 'सोन्याचा पॅक' ठेवला. तो घेतला की एका घावात अख्खं शेत कापता येतं, उडता येतं, आणि मेलात तरी तुमचं सामान तुमच्याकडेच राहतं. बाकीचे मेले की त्यांचं सगळं जातं.

घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समधल्या पोरांनी पहिल्याच दिवशी पॅक घेतले आणि लागली उडायला. खाली चालणारे वर बघत राहिले. एकाने लिहिलं, "ज्याच्या बापाकडे पैसा, त्याचंच राज्य. बाहेर पण तेच, इथे पण तेच." काळुरामने ते वाचलं आणि त्याला जेवण गेलं नाही.

"हे बराबर नाय," तो करिश्माला म्हणाला. "पंगतीन एकाला मटन वाढलं आनि बाजूच्याला नुसता रस्सा, तर लोकं वाढप्याचा डोका फोडतील."

"मग काय करणार बाबा? त्याला पण मशीनचं भाडं भरायचंय."

काळुरामने जे केलं ते त्याच्यासारख्या माणसालाच सुचावं. घरच्या हळदीला अख्ख्या गावाला चूलबंद आमंत्रण देणारी, म्हणजे त्या दिवशी कुणाच्याच घरी चूल पेटू न देणारी, ही माणसं. हात आखडता घेणं माहीत नाही. त्याने राजरत्नला फोन लावला. "त्यो पॅक सगल्यांना वाढ. चावडीवरचा एक मानूस सोरू नको. पैसं मी देतंय. पन माजं नाव नको."

"काका, सगळ्यांनाच दिलं तर..." राजरत्न अडखळला. त्याला काहीतरी कळत होतं, पण गरजवंताला अक्कल नसते. मोठं मशीन समोर दिसत होतं. त्याने हो म्हटलं.

आणि वर एक शहाणपणा केला. इतका मोठा माणूस, त्याचे उपकार मानायला नकोत? चावडीच्या वेशीवर त्याने मोठा फलक लावला: 'आपले मामा, काळुरामशेठ यांच्या सौजन्याने.' आपल्याकडे नाक्यानाक्यावर लागतात तसा.

पहिले काही दिवस जत्रा भरली. जो तो उडतोय, जो तो एका घावात रानं साफ करतोय. "थँक यू शेठ!" "शेठ, तुम्ही देव आहात!" मामा कुणीच म्हणेना. गाढव तर नाहीच नाही. काळुराम आपल्या बांधावर भाकरी घेऊन उभा राहिला, पण भाकरी हवी कुणाला? सगळ्यांच्या कोठारात उतू जात होती. डोक्यावरून पोरं उडत गेली, वरूनच हात हलवून. गणपती आले, गेले, आणि चावडी ओस पडायला लागली. एके दिवशी तर तो अख्ख्या जगात एकटाच होता. सगळ्यांना सारखं दिलं, कुणाच्या पुढ्यातलं काढलं नाही, मग लोक रुसले कशाला? त्याला काही केल्या कळेना.

मग एका रविवारी रचना आली. तळ्याकाठी नुसतीच उभी राहिली.

"मासं नाय धरत?" त्याने लिहिलं.

"कशाला धरू? पेट्या भरल्यात," रचनाने लिहिलं. "खरं सांगू का मामा, रागावू नका. आधी मला भाकर लागायची म्हणून तुमच्याकडे यायचे. तुम्हाला मासा लागायचा. आता कुणाला कुणाचं काही लागतच नाही. मग येऊन करायचं काय?"

करिश्माही मागे उभी राहून वाचत होती. काळुरामच्या डोळ्यांपुढे गाव आलं. लावणीच्या दिवसांत सावड असायची. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. ज्याच्याशी बोलणं बंद त्याच्याकडेही जावं लागायचं, कारण हात कमी पडायचे. मग पैसा आला. सगळ्यांनाच आला, अगदी सारखा आला. कुणाला कुणाची गरज उरली नाही आणि दारं जी लागली ती लागलीच.

"गावाचा जसा झाला तसाच मी हितं केला गो," तो म्हणाला. "माज्या हातान केला." आणि हा दांडगा माणूस सुनेसमोर रडला.

दुसऱ्याच दिवशी करिश्माने त्याला गाडीत घालून कल्याणला राजरत्नच्या घरी नेलं. राजरत्न खजील झाला होता. त्यालाही चावडी मेलेली दिसत होती. काळुरामने आत शिरता शिरताच सांगितलं, "सगल्यांचं परत घे."

"परत घेऊन भागणार नाही काका. जे साठलंय ते साठलंयच की. काहींनी स्वतःच्या पैशाने घेतलेत, ते कोर्टात जातील. एकच करता येईल. ज्यांनी पॅक घेतलेत त्यांचे पैसे परत द्यायचे, दुकान बंद करायचं, आणि अख्खं जग पुसायचं. नवं मांडायचं. सगळे मोकळ्या हाताने सुरू करतील. तुमच्या पैशात भाडंही निघेल आणि हेही होईल. पण मग घरं, किल्ले, सगळं जाईल. तुमचं शेतपण."

काळुराम खाली बसला.

"तुमचं शेत मी उचलून नव्या जगात ठेवू शकतो," राजरत्न घाईने म्हणाला. "एक कमांड आहे. कुणाला कळणारही नाही. अहो, सगळा खर्च तुमचा. तुमचा हक्कच आहे तो."

करिश्माने सासऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, घ्यावं त्यांनी. कुणाचं काय बिघडतंय? त्या शेताशिवाय या माणसाकडे आहे काय? आणि खोटं कशाला बोला, काळुरामलाही तसंच वाटलं. तोंडात 'हो' आलं होतं. एकदा गेलेली जमीन दुसऱ्यांदा घालवायला कुणाची छाती होते?

"सगल्यांचा जाईल त माजाबी जाईल," तो म्हणाला. "नायतर त्या उडनाऱ्या पोरांत आनि माज्यात फरक काय रं?"

पुसायचा दिवस चावडीवर जाहीर झाला. निरोप घ्यायला बरेच जण आले. काहींनी शिव्या घातल्या, "शेठने खेळ केला, शेठनेच मोडला," म्हणून. त्याने ऐकून घेतल्या, कारण त्यात खोटं काही नव्हतं. मग तो गहू कापायला लागला. एका घावात नाही, हाताने, एकेक लोंबी. थोड्या वेळाने रचना खाली उतरली आणि शेजारच्या खाचरात लागली. मग अजून दोघं-तिघं. खरं शेत गेलं तेव्हा तो रजिस्ट्रारच्या ऑफिसात सही करत होता, जेसीबी फिरताना पाहायची हिंमत त्याने केली नव्हती. या वेळी तो शेवटपर्यंत बसून राहिला. पडदा काळा झाला, तेव्हाच उठला.

नव्या जगात पूर्वीच्या निम्मेच लोक आले. वर्गणीवाल्यांची नावं तेवढी रंगीत, बाकी सगळे सारखेच फाटके. काळुराम बरेच दिवस नुसती लाकडं तोडत बसला. जमिनीला हात लावेना. मग एका दुपारी त्याने कुदळ घेतली आणि पहिला बांध घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला हात थांबला. तो बांध विहिरीपाशी कुठे वळायचा, तेच आठवेना. उजवीकडे घातला, मोडला. पुन्हा घातला, पुन्हा मोडला. हर्षितला फोन लावला. "पप्पा, मना काय म्हाईत? मी तवा शालेन व्हतो," म्हणाला आणि साइटवर आहे म्हणून ठेवला. विचारायला दुसरं कोण होतं? गोदा नाही. जागेवर जाऊन बघावं तर तिथे गाड्या पार्क होतात. काळुराम पडद्याकडे बघत बसला. आपल्याबरोबर शेतही संपलं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"डावीकडे, बाबा," मागून करिश्मा म्हणाली. हातात चहाचा कप होता. "विहीर टाकून डावीकडे वळतो तो. आणि तिथेच जरा रुंद होतो, दोन माणसं बसतील एवढा."

तो गर्रकन वळला. त्या रुंद जागेवर गोदा आणि तो न्याहारीला बसायचे, हे त्याने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. आणि ही पोर लग्न होऊन घरात आली तेव्हा तिथे टॉवरचे मजले चढत होते.

"तुला कसा ठाव गो? तू कदी बगलास?"

"रोज तर बघत होते."

काळुरामने बांध डावीकडे वळवला, रुंद केला. मग आपली खुर्ची सरकवली आणि दुसरी ओढून शेजारी ठेवली.

"बस," तो म्हणाला. "पुडचा तू घाल."