चौकातल्या जवानाचा पहिला हार

आमच्या बसस्टँडच्या चौकात आता एक जवान उभा आहे. फायबरचा, तांब्याचा रंग दिलेला, हातात बंदूक. खालच्या काळ्या दगडावर मंत्र्यांचं नाव मोठ्या अक्षरात आहे आणि ‘तालुक्यातील शूर सैनिकांस’ हे त्याखाली, बारीक. माझी कॉलेजची बस तिथूनच सुटते.

माझे आजोबा एकाहत्तरच्या लढाईत होते. आम्ही त्यांना आबाजी म्हणतो. फौजेतून परतल्यावर त्यांनी कोळसा खाणीच्या गेटवर चौकीदारी केली. आमच्याकडचे निवृत्त फौजी बहुतेक तेच करतात.

धान मळून झालं त्या सुमारास पुतळा समितीचे अध्यक्ष घरी आले. खाटेवर बसून चहा घेतला आणि म्हणाले, “भाऊ, तालुक्यात तुमीच सगळ्यात जुने. पडदा मंत्री काढतीन, पन पहिला हार तुमच्या हातचा.”

आबाजी तेव्हा नुसते हसले. अध्यक्ष गेल्यावर आईला म्हणाले, “कोटाच्या बटना चिंच लावून घास वो, बाई.” मला नंतर एकदाच सांगितलं, की शेजारच्या गावचा त्यांचा जोडीदार त्या लढाईतून परत आला नाही. त्याच्या गावात त्याचा साधा फोटोही नाही. “हार त्याच्याच गळ्यात पडन, असं समजीन मी.”

अनावरणाच्या दिवशी त्यांनी निळा कोट घातला, त्यावर मेडल लावले, डोक्यावर फौजेतली टोपी. कोट खांद्यांवर ढिला झाला होता. मी त्यांना मंडपात पहिल्या रांगेत बसवलं आणि बायकांच्या बाजूला, दोरीमागे जाऊन उभी राहिले. मंत्र्यांना उशीर झाला. तोवर पहिल्या रांगेत कार्यकर्ते येऊन बसत होते.

गाड्यांचे हॉर्न वाजले तसे लोक पुढे सरकले. छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला आणि आबाजींसमोर थांबला.

“ओ सिक्युरिटी! खुर्चीवर काऊन बसले? दोर पकडा ना तिकडं, पब्लिक घुसून राह्यली!”

“मले हार घालाचा हाय,” आबाजी म्हणाले.

“हार-बिर मंग. उठा पहिले!”

आणि आबाजी उठले. मला अजून कळत नाही, ते का उठले. निळा कोट आणि टोपी पाहून त्या माणसाला ते चौकीदार वाटले, हे समजू शकते. पण ते का उठले?

मी दोरीवरून ओरडले, “भाऊ, माझे आबाजी आहेत ते! हार त्यांच्याच हातानं घालायचा ठरला आहे.”

“ताई, मागं व्हा. आज सारेच हारवाले हायेत,” तो म्हणाला. माझ्या बाजूच्या बाया हसल्या.

आबाजींनी दोर दोन्ही हातांत धरला आणि गर्दीकडे तोंड करून उभे राहिले. पुतळा त्यांच्या पाठीमागे होता. पडदा दूर झाला, टाळ्या झाल्या, घोषणा झाल्या. हार मंत्र्यांनीच घातला. मला आबाजींच्या खांद्यावरून सगळं दिसत होतं. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. खाणीच्या गेटवर ते असेच उभे राहत असतील. अध्यक्षांनी माइकवर वीर सैनिकांना उभं राहायला सांगितलं, तेव्हा खुर्च्यांवरचे कार्यकर्ते उठून उभे राहिले आणि त्यांचे फोटो निघाले.

गर्दी पांगल्यावर मी म्हटलं, “आबाजी, चला, आता जवळून पाहू.”

“तू पाह्यलं ना? झालं मंग.”

“तुम्ही त्याला सांगितलं का नाही?”

“सांगतलं ना. तुले आयकू आलं, त्याले नाई आलं.” त्यांनी मेडल काढले आणि माझ्या बॅगेत ठेवायला दिले. आम्ही ऑटोनं घरी निघालो. घरात पहिली कॉलेजला गेलेली मी, आणि एका बिल्लेवाल्यापुढे माझा आवाज पुरला नाही.

आई दारातच उभी होती. “घातला का जी हार?”

आबाजींनी टोपी काढून खुंटीला अडकवली.

“मोठा होता,” ते म्हणाले. “झेंडूचा.”

आई खूश होऊन पाणी आणायला गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी बॅगेतून त्यांचे मेडल काढून दिले.