बारशाच्या सकाळी काढलेला कागद

दारावरचा कागद मी बारशाच्या दिवशी सकाळी काढला. कुणी काढायला सांगितलं नव्हतं.

मी गडचिरोलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न होऊन सोलापूरला आले. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. इथं रक्ताचं म्हणावं असं कुणी नाही. पहिल्याच खेपेला सोनोग्राफीत कळलं, की बाळाच्या छाती-पोटामधल्या पडद्याला भोक आहे. आतडी छातीत चढली होती आणि डाव्या फुफ्फुसाला वाढायला जागाच राहिली नव्हती. जन्मल्यावर चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं पोर घरी आलं.

घरी सोडताना डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पडदा मी शिवला. फुफ्फुस काही मला शिवून देता येत नाही, ते त्याचं त्यालाच वाढवायचंय. तोवर तुमची साधी सर्दी याला झेपायची नाही." हात धुतल्याशिवाय घ्यायचं नाही, पापे घ्यायचे नाहीत, सर्दी-खोकल्याच्या माणसानं आत यायचं नाही, आम्ही दोघांनी फ्लूची लस टोचून घ्यायची. हे सगळं मी वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि दाराला चिकटवलं.

आमची घरमालकीण खालीच राहते. तेलुगू विणकरांच्या घरातली, शेजारच्या शेडात मागासाठी कांड्यांवर सूत भरते. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. मी दवाखान्यात होते तेव्हा दीड महिना तिनंच डबा पोचवला. बाळ काचेच्या पेटीत असताना ती बाहेरच्या बाकावर बसून राहायची, तेवढ्यात मी डोळा मिटून घ्यायची. तिचे उपकार कसे फेडायचे, हे मला अजून सुचलेलं नाही.

बारशाचा आग्रह तिचाच. "बिननावाचं पोरगं किती दिवस ठिवतीस? चारच बायका बोलवू. तुझी नणंद तिकडं लांब. मी आत्या हुते की."

त्या सकाळी ती घुगऱ्यांचं पातेलं घेऊन वर आली. आवाज बसलेला, पदरानं नाक पुसत होती.

"अक्का, सर्दी झाली का जी?"

"न्हाय गं. सुताची धूळ हाय. रोजचंच हाय माझं."

धूळ नव्हती, हे मला कळत होतं. धुळीनं डोळे असे लाल होत नाहीत. तरी मी मान हलवली. ती खाली गेल्यावर दारावरचा कागद काढून गादीखाली सारला. डबे आणून देणाऱ्या बाईनं चार बायकांदेखत तो वाचून काय समजायचं, असं मनात आलं.

आमच्यात आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते. अक्कानं तेच केलं. तोंड अगदी कानाला लावून, एकदा नाही, चारदा. हसत म्हणाली, "ऐकलं का रं? का मामावर गेलास, बहिरा?" आत्यानं मामाची थट्टा करायचीच असते; बायका हसल्या. मीही हसले. माझं लक्ष तिच्या नाकाकडं होतं.

चौथ्या दिवशी बाळानं दूध सोडलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. रिक्षात मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसले होते, छाती हलतेय एवढंच बघत.

"घरात कुणाला सर्दी होती?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. सहा दिवस बाळ ऑक्सिजनवर होतं. अक्काची सर्दी तोवर बरी झाली होती आणि ती पुन्हा डबे आणायला लागली. मी तिचीच भाकरी खात होते.

सातव्या दिवशी नळी निघाली. मॅडम म्हणाल्या, "या वेळी निभावलं. पुढच्या वेळचं मी सांगू शकत नाही. कोण येतं-जातं ते मला खरं कळल्याशिवाय घरी सोडणार नाही." तेव्हा मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी अक्का आली, तिला मी बाकावर बसवून सांगितलं. तुम्हाला सर्दी होती, मला दिसत होती, मी अडवलं नाही. आता कुणालाही जराशी सर्दी असली तरी वर यायचं नाही.

ती डब्याच्या कडीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "दिसत हुतं तर म्हणायचं की गं. मी काय तुला खाल्लं असतं? दारातनंच बघून गेले असते की." आणि थोड्या वेळानं, बारीक आवाजात, "माझं चुकलं गं बाई. माझ्यापायी लेकराचे लई हाल झाले."

चूक माझी होती. ती आई नव्हती, आई मी होते. हे तिथंच म्हणायला हवं होतं. पण तिनं माफी मागितली, आणि मी काही न बोलता ती घेतली.