संध्याचा लाल

वाटूरच्या संध्याने जालन्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता पीएच.डी.साठी पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचे नॅनोस्फटिक, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिक, घेतले, त्याला पाच वर्षं झाली. द्रावणातले हे कण डोळ्याला दिसत नाहीत, पण अतिनील टॉर्च मारला की लख्ख चमकतात. ब्रोमाइड घातलं की हिरवे, आयोडाइड घातलं की लाल. प्रमाण बदललं की मधला हवा तो रंग. दिव्यांत, टीव्हीच्या पडद्यांत ते वापरता यावेत म्हणून ही सगळी खटपट. हिरवा तिला पहिल्याच वर्षी जमला. लालाने मात्र जीव खाल्ला. जरा दमट हवा लागली की दोन दिवसांत पिवळा पडायचा आणि चमक जायची ती जायचीच.

तिची आई बेबीनंदा निवृत्त शिक्षिका. ती रोज विचारायची, "झाला का गं तुझा लाल?" संध्याचं डोकंच उठायचं.

यंदा एप्रिलच्या कोरड्या हवेत लाल बारा दिवस टिकला. सोमवारी विद्यापीठाची समिती बघायला येणार होती. त्या सकाळी तिनं कपाट उघडलं, तर हिरव्या आणि लालच्या दोन बाटल्यांऐवजी आत एकच बाटली. टॉर्च मारला. नारिंगी!

"मामा, लाल कुठंय?"

प्रयोगशाळेचे शिपाई अप्पाराव खुशीत म्हणाले, "साहेब लोक येणार म्हणून शनिवारी कपाट बराबर लावलं, मॅडम. दोन्ही बाटल्या अर्ध्याच होत्या. मंग एकात केल्या."

"अहो, चिठ्ठ्या होत्या ना त्यांच्यावर!"

"त्या जपून ठेवल्यात. फेकल्या न्हाईत."

संध्याने टॉर्च बंद केला. दोन रंग मिसळले की त्यांच्यातले ब्रोमाइड-आयोडाइड जागा बदलतात आणि बघता बघता एकच रंग होतो, हे तिनं स्वतःच प्रबंधात लिहिलं होतं. आता ओरडून उपयोग काय?

समितीसमोर तिनं नारिंगी बाटली ठेवली आणि घडलं ते सरळ सांगितलं. बारा दिवसांच्या नोंदी दाखवल्या. एका सरांनी जांभई दाबत विचारलं, "मग याचा बल्ब कधी?" तिनं दात आवळून उत्तर दिलं. नोंदी सगळ्यांना पटल्या. लाल तीस दिवस टिकवून दाखवा, म्हणून सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली.

एप्रिल ते ऑक्टोबर. म्हणजे अख्खा पावसाळा!

"पाच उन्हाळे कोरडी हवा होती, तेव्हा समितीनं विचारलं नाही," ती पुटपुटली. "मामा, ओल शोषणारी जेल मागवा."

"दोन डबे सांगू?"

"वीस सांगा. आणि माझ्या कपाटाला हात लावायचा नाही."

"बिलकुल न्हाई," अप्पाराव म्हणाले आणि कपाटाची काच पुसायला लागले.