आठव्या झडपेची चौकशी

सोमवार, प्रोग्रामची ओळ लिहिली: जबाबदार, ओळीला मर्यादा घालणारी मुंबईची संगणक कंपनी. गुरुवार, कारखान्यात आमरसाचा पूर: जबाबदार, टंकलेखिका मंदाकिनी भाटकर. पुढचा बुधवार, चौकशीचा निकाल: जबाबदार — येथे माझ्या कागदावर आजवर नुसती रेघ आहे. ती का, हे मी कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही.

सत्त्याऐंशी सालचा आंब्याचा हंगाम. रत्नागिरीच्या सड्यावरील, म्हणजे कातळपठारावरील, आमरसाच्या कारखान्यात मी यंत्रविभागाचा प्रमुख होतो. डबे भरणाऱ्या आठ झडपा संगणकाने चालवायच्या. त्याचा असेंब्ली भाषेतील प्रोग्राम मी लिहीत होतो. त्यात मॅक्रो असतो — तयार मसुदाच म्हणा. त्याचे नाव घेतले की यंत्र रिकाम्या जागा भरून तो पूर्ण लिहून काढते. मात्र ओळ ठरावीक अक्षरांपुढे गेली, तर उरलेला भाग यंत्र मुकाट्याने टाकून देई. ना इशारा, ना नोटीस. हा कुठला न्याय? मी कंपनीला सात पत्रे लिहिली. सातव्यात ग्राहक न्यायालयाचा उल्लेख होता.

आता ऐका. मी कायद्याची परीक्षा दिलेला माणूस. झडपा मिटवणाऱ्या ओळीत आठही नावे असावीत आणि ती पूर्ण असावीत, हा माझा हट्ट. भाटकरबाई टंकन करताना थांबल्या.

"साहेब, नावं भरली की ओळ बाहेर जात्ये. नावं आखूड करू, नायतर चार-चारचे दोन मॅक्रो करू."

मसुद्यात पक्षकाराचे नाव कोणी आखूड करते का, असे मी दरडावून विचारले.

"करतात की. 'यापुढे वादी' म्हणतात."

शेजारी उभे असलेले दोघे फिटर हसले. ते हसले नसते तर? — नाही, ही सबब नको.

ओळ तशीच गेली. सात झडपा मिटल्या. आठवीचे नाव ओळीच्या शेपटाबरोबर गळाले होते, ती वाहत राहिली. व्यवस्थापक घोट्यापर्यंत हापूसच्या रसात उभे, त्यांची एक चप्पल तरंगत दाराकडे निघालेली. हे कोणाचे काम, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो — टंकनदोष असावा, चौकशी करतो.

चौकशी अधिकारी कोण? मीच. निकालाच्या आदल्या दिवशी कंपनीचे उत्तर आले: मर्यादा पुस्तिकेत छापलेली आहे, ओळ तोडून दोन मॅक्रो करावेत. म्हणजे बाईंचेच म्हणणे, लेटरहेडवर. त्या पत्रावर मी 'गोपनीय' असा शेरा मारला, ते कपाटात ठेवले, आणि बाईंना दोषी ठरवून आंबे धुण्याच्या हौदावर पाठवले. मग दोन मॅक्रो केले. यंत्र उत्तम चालले. अभिनंदन मी स्वीकारले.

हंगाम संपताना बाई राजीनामा घेऊन आल्या. बोटे पाण्याने सुरकुतलेली. टेबलावरचा प्रोग्रामचा कागद त्यांनी उभ्या उभ्या वाचला.

"ओळ तोडलीत, साहेब. बरं केलंत."

जन्मभर मी इतरांकडे खुलासे मागितले. ही शेवटची मागणी: सदर प्रकरणी चौकशी अधिकाऱ्याने जाहीर उत्तर द्यावे.

उत्तर: ओळ माझी होती.