शेवटच्या रांगेत बसणारा रहमत

पडदा वर जातो तेव्हा दिग्रसमधली एप्रिलची दुपार असते. एक अरुंद गल्ली, तिच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन घरं, मध्ये चिटपाखरू नाही. उजवीकडचं घर किसनरावांचं. पुढच्या खोलीत दिवाणावर किसनराव उशांना टेकून बसले आहेत. खिडकीत कूलर घरघरतो आहे. स्टुलावर तांब्या, तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल, आणि मोबाईलवर एक गोल चकरी फिरते आहे. फिरतेच आहे. आणि दिवाणाला लागूनच, खुर्चीवर चढून, खांद्यावर पांढरा दुपट्टा टाकलेला रहमत उभा आहे. कपाटावरच्या राउटरवर त्यानं हात ठेवलाय, जसा आजारी लेकराच्या कपाळावर ठेवतात.

"ताप हाये काय त्याले?" किसनरावांनी विचारलं.

"गरम तर हाये."

"मंग मिठाच्या पाण्याची पट्टी ठेव."

"ठेवतो. पयले तुमच्या तोंडावर ठेवतो," रहमत म्हणाला आणि खाली उतरला. गुडघा कटकन वाजला. किसनराव हसले, हसता हसता त्यांना खोकला आला, आणि रहमतचं हसू जागच्या जागी थांबलं.

हा रहमत म्हणजे कोण, हे आज दिग्रसच्या नव्या पोरांना सांगावं लागेल. एके काळी नुसतं नाव पुरत असे. गावात नाटक असो, कव्वाली असो, गणपती असो की उरूस, माइक रहमतचा. बैलगाडीत जनरेटर, मागे ॲम्प्लिफायरची पेटी, तिच्यावर कर्णे, आणि सगळ्यांत वर स्वतः रहमत, मांडीवर माइक स्टँड आडवा घेऊन. स्टँड तो कधी गाडीत टाकत नसे. म्हणे, वाकला तर नट वाकतो.

हौशी मंडळींची नाटकं तेव्हा कापसाच्या बाजाराच्या मोकळ्या आवारात होत. किसनराव म्हणजे मंडळींचे सरदार, रंगमंचावर आणि बाहेरही. उंच, भरदार, आवाज असा की कर्ण्याचीच गरज काय, असं लोक म्हणत. पण रहमत कोणाचं ऐकत नसे. तारा जोडून झाल्या, माइक टांगून झाले, की तो पेटीवर दुसऱ्याला बसवायचा आणि स्वतः चालत चालत पार शेवटी जायचा. तिथं मारेगाव, बाभुळगावकडून आलेले पाहुणे, उशिरा पोचलेल्या बाया, झोपाळलेली लेकरं असत. त्यांच्यात तो मांडी घालून बसायचा आणि ऐकायचा. उभं राहून नाही, बसून. "लोक उभे राहून नाटक पाह्यतात काय?" हे त्याचं म्हणणं. आवाज नीट आला की तो खांद्यावरचा दुपट्टा वर करायचा. इकडे विंगेत किसनराव अंधारात डोळे ताणून उभे असायचे. तो पांढरा ठिपका दिसला की मगच त्यांचं पाऊल रंगमंचावर पडायचं. ठिपका दिसला नाही म्हणून नांदी थांबलेली, लोक शिट्ट्या मारतायत आणि सरदार विंगेत ढिम्म, असंही एकदा झालं होतं.

मग दिवस पालटले. भिंतीएवढे डब्बे घेऊन डीजेवाले आले. मंडळी पांगली, कर्णे गेले. रहमत पंखे, मिक्सर, कूलर दुरुस्त करू लागला. कामात कमीपणा त्यानं कधी मानला नाही. फक्त संध्याकाळी कुठून लाऊडस्पीकरचा आवाज आला की मान तिरकी करायचा. "खरखर हाये," म्हणायचा, आणि पुन्हा स्क्रू आवळायचा.

इंटरनेट त्याच्या घरी आणलं त्याच्या मुलानं, अब्रारनं. अब्रार नागपूरला नोकरीला. बापाशी आणि अम्मीशी तोंड पाहून बोलता यावं म्हणून त्यानं कनेक्शन घेऊन दिलं. रहमतला आठ-पंधरा दिवसांत त्यातलं कळलं आणि मग त्याला चैन पडेना. किसनरावांचं घर खोलगट जागेत, वर जाड स्लॅब. मोबाईलला रेंज फक्त गच्चीवर, आणि किसनरावांना हिवाळ्यातल्या न्यूमोनियापासून जिना बंद. रहमतनं दुसरा राउटर आणला आणि त्यांच्या खोलीत बसवला. समोरच्या रहमतच्या घरातल्या राउटरनं गल्ली ओलांडून हाक मारायची, या दुसऱ्यानं ती झेलायची आणि घरभर वाटायची. तार नाही, काही नाही.

"म्हणजे तुहा कर्णाच झाला हा," किसनराव म्हणाले होते.

"कर्णाच. फक्त आवाज नाई करत."

उरलेल्या थंडीत तो झकास चालला. होळी झाली आणि त्याला काय झालं कोण जाणे. कधी यायचा, कधी जायचा, बहुतेक वेळा ती चकरी.

एरवी हे चाललं असतं. पण आज चालणार नव्हतं. किसनरावांची नात निशिगंधा अमरावतीला कॉलेजात शिकत होती, आणि आज संध्याकाळी सातला ती पहिल्यांदा नाटकात मोठं काम करणार होती. ही पोरगी याच घरात वाढलेली. शब्द कुठे तोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे तिला किसनरावांनी गच्चीवर उभं करून शिकवलं. प्रयोगाला आजोबा पहिल्या रांगेत बसतील, हे तिनं लहानपणीच ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. तेव्हा निशिगंधाची मैत्रीण समोर बसून फोनवरून सगळं नाटक दाखवणार, असं ठरलं. डॉक्टरांची ती ‘नाही’ ऐकून किसनराव दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिसऱ्या दिवशी रहमत येऊन म्हणाला, "तुम्ही कायले जाता अमरावतीले? अमरावती तुमच्या दिवाणापर्यंत आणतो. जबान देतो."

ती जबान आता चकरीत फिरत होती.

सकाळपासून त्यानं काय केलं नाही? राउटर बंद केला, चालू केला. त्याच्यावर किसनरावांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, मोठ्या मायेनं भरतकाम केलेलं झाकण घातलं होतं, ते काढलं.

"धूळ बसते ना, रहमतभाऊ," भागीरथाबाई म्हणाल्या.

"वयनी, त्याले बुरखा नोको. त्याले मोकळं तोंड लागते."

मग समोरच्या खिडकीतून मलिकाबींचा, रहमतच्या बायकोचा आवाज आला. "अजी! सकाळपासून चहावर हाये तुम्ही! मशीन सुधरते का माणूस बिघडते आता?"

"पाच मिनटं!"

"तुमचे पाच मिनटं मले निकाह झाल्यापासून मालूम हाये!"

रहमतनं किसनरावांच्या गच्चीवर जाऊन अब्रारला फोन लावला. अब्रार शांतपणे म्हणाला, "अब्बा, दोन्ही राउटर एकमेकांले दिसले पायजे. मधात लोखंड, पत्रा, पाणी असं काही आलं काय?"

"मधात गल्ली हाये बेटा, गल्लीत कुत्रं बी नाई."

तरी तो खाली आला आणि कपाटावरचे स्टीलचे डबे काढले. भागीरथाबाईंना सांगून पाण्याचा हंडा स्वयंपाकघरात नेला. लोखंडी ट्रंक बाहेर काढली. खोली सामानातून मोकळी झाली, चकरी फिरतच राहिली. दारात उभं राहून त्यानं आपल्या घराकडे पाहिलं. खिडकी समोर स्वच्छ दिसत होती. गल्लीत उभं राहून पाहिलं. स्वच्छ. स्वतःच्या घरी जाऊन तिथल्या राउटरचे दिवे पाहिले. हिरवे.

चार वाजून गेले. तो परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची पाठ भिजून अंगाला चिकटली होती.

"रहमत," किसनराव म्हणाले, "राहू दे. पोट्टीले म्हण, मंग कवातरी करून दाखव म्हणावं घरी येऊन. मले काय, तोंडपाठ हाये तिचं सगळं."

ते इतकं हलक्या आवाजात म्हणाले की कूलरच्या घरघरीत अर्धं विरून गेलं. पण रहमतचे कान खरखरीतूनही शब्द वेचणारे. त्यानं ते पुरतं ऐकलं.

"जबान देल्ली हाये मी."

"जबान माह्याकडं जमा हाये. अठी बस पयले. दिसभर उभाच हायेस."

रहमत दिवाणावर त्यांच्या शेजारी बसला. टेकला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि समोर पाहिलं.

समोर त्याची खिडकी नव्हती.

दारातून दिसत होती, गल्लीतून दिसत होती. पण इथून, या दिवाणावरून, जिथं ऐकणारा माणूस बसतो तिथून, त्याच्या घराच्या आड एक भला मोठा पत्र्याचा डब्बा उभा होता. पोटात पाणी, तिन्ही बाजूंना ओल्या गवताच्या ताट्या. होळी झाली तशी किसनरावांच्या छातीला गार वारा मिळावा म्हणून खिडकीत बसवलेला कूलर. तो कोणी बनवला होता? रहमतनंच. आपल्या हातानं कापून, ठोकून, रिबिटा मारून. चांगला जाड पत्रा हवा म्हणून दुकानाची जुनी पाटी त्यानं त्यात घातली होती. घाईत अक्षरांची बाजू खोलीकडे आली. आता दिवाणावरून ती वाचता येत होती, उलटी, रंग उडालेली: रहमत साउंड सर्व्हिस, दिग्रस.

 रहमतचे खांदे हलायला लागले.

"काय झालं बे?"

"भाऊ, चाळीस वर्षं शेवटी जाऊन बसलो मी. अन् तुमच्या घरी बसायचंच विसरलो. मीच उभा हाये मधात. पाहा, नाव बी लिवलं हाये."

किसनरावांनी पाटी वाचली आणि दोघं म्हातारे असे हसले की भागीरथाबाई हातातलं पीठ घेऊन बाहेर आल्या. कळलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "मंग काढा थो कूलर. एका संध्याकाळचा तर सवाल हाये."

"काढा," किसनराव म्हणाले. "घामानं कोणी मरत नाई."

"नाई काढणार," रहमत म्हणाला. बाहेर हवा भट्टीसारखी तापली होती आणि मघाचा खोकला त्याच्या कानातून गेला नव्हता. "तुम्ही गार बसाल अन् नाटक बी पाहाल."

तो वर पाहू लागला. खिडकीच्या वर, कूलरच्या डोक्याच्याही वर, एक झरोका होता. तिथून त्याच्या घराची खिडकी सरळ दिसली असती. पण तिथं राउटर टेकवायला फळी नव्हती, आणि जुन्या भिंतीत खिळा दोनदा वाकला. रहमत गल्लीत गेला आणि वर पाहून ओरडला, "मलिका! माडीवर एखादा बांबू हाये काय?"

 मग मलिकाबी स्वतः दारात आल्या. त्यांच्या हातात जुन्या निळ्या पडद्याच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. रहमतनं कापड सोडवलं. आत माइक स्टँड होता. चकचकीत, तेलपाणी केलेला.

"मी तर हा भंगारात देल्ला होता."

"तुम्ही देल्ला होता. मी दारातून वापस घेतला." मलिकाबींनी पदर सावरला. "घरात एक तरी माणूस सरळ उभा राह्यला पायजे ना."

स्टँड कूलरच्या बाजूला उभा राहिला. नळी वर वर सरकवत रहमतनं ती झरोक्याइतकी उंच केली. भागीरथाबाईंनी जुन्या परकराचा नाडा काढून दिला, त्यानं राउटर वर बांधला, खालून वायर बोर्डापर्यंत आणली. तिकडे मलिकाबींनी आपल्या घरचा राउटर उचलून खिडकीतल्या शिलाई मशीनवर ठेवला आणि गल्ली ओलांडून हाक घातली, "दिसला काय त्याले?"

राउटरवरचा लाल दिवा लुकलुकला. थांबला. हिरवा झाला.

"दिसला!" भागीरथाबाईंनीच उत्तर दिलं.

रहमत मागे वळला आणि पाहतच राहिला. समोर माइक स्टँड उभा आहे हे पाहून किसनरावांनी उशा बाजूला सारल्या होत्या. पाठ ताठ झाली होती, हनुवटी वर आली होती. एक हात नकळत कमरेशी गेला होता, जिथं एके काळी सरदाराची तलवार असे.

सातला मोबाईलवर चकरी एकदा फिरली आणि फुटली. आत उजेड होता, आणि उजेडात निशिगंधा. किसनरावांचे ओठ तिच्याबरोबर हलू लागले. कूलर घरघरत होता. भागीरथाबाई बंद करायला उठल्या तसं किसनराव म्हणाले, "राहू दे. जनरेटर चालू असला की नाटक रंगते."

मलिकाबीही येऊन खाली चटईवर बसल्या. एका प्रवेशात निशिगंधाला बापाचं पत्र वाचायचं होतं. तिथं ती थांबली, एक श्वास, अगदी गच्चीवर शिकवलेला, आणि मग पहिला शब्द. किसनरावांनी मांडीवर थाप मारली. डोळे पुसायला त्यांना दुपट्टा हवा होता, म्हणून त्यांनी शेजारी हात केला. शेजारी रहमत नव्हता.

नाटक संपलं. टाळ्यांचा आवाज इतका आला की छोटा मोबाईल तांब्याला टेकूनच थरथरला. मग चित्र हललं, आणि रंग लावलेला, घामानं निथळणारा निशिगंधाचा चेहरा अगदी जवळ आला.

"आजोबा! दिसलं ना? ऐकू आलं ना सगळं?"

 उत्तर द्यायच्या आधी किसनरावांनी मान वळवून खोलीच्या पार टोकाला पाहिलं, जसं विंगेतून पाहायचे तसं. तिथं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, जमिनीवर मांडी घालून रहमत बसला होता. त्यानं हळूच खांद्यावरचा पांढरा दुपट्टा वर केला.

मलिकाबींनी मोबाईल तिकडे वळवला.

"रहमतबाबा! तुम्ही तिथं मागं काय करता? पुढं या ना, मला दिसत नाही नीट. कसं झालं सांगा. अजून स्पर्धेची शेवटची फेरी आहे आमची."

रहमत उठला नाही. दुपट्टा खाली घेतला, मांडीवर नीट घडी घातली आणि म्हणाला, "लय झकास केलं, बेटा. फक्त थ्या पत्राच्या जागी तुहा आवाज खाली गेलता. पुढच्या खेपेले शेवटच्या रांगेसाठी बोलजो."