नवसाची घोडी

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो, मिरवणुकीचा तो व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला, आणि आजीने घोडीच्या कानात मंत्र फुंकला ही कथाही पोचली. कथा खोटी आहे. मला मंत्र येत नाही. गावाने मला साध्वी करून टाकण्याआधी, घडलं ते माझ्या हाताने लिहून ठेवते.

चंद्री ही तुमच्या आजोबांच्या नवसाची घोडी. मोठ्या आजारातून उठल्यावर त्यांनी ती हुलसूरजवळच्या आपल्या गावातल्या खंडोबाला वाहिली. चंपाषष्ठीला पालखीपुढे चालायचं, एवढंच तिचं काम. बाकी वर्षभर ती आपल्याच गोठ्यात. पहिल्याच वर्षी हलगी कडाडली, लोकांनी येळकोट करत मुठी भरभरून भंडारा उधळला, हळद तिच्या डोळ्यांत गेली आणि ती दोर तोडून रानात पळाली. त्यानंतर महिनाभरात आजोबा गेले. गावाने दोन्हींची गाठ मारली: घोडी देवाला नको होती, म्हणून माणूस गेला.

देवळाचे पुजारी मल्लप्पा तेराव्यालाच म्हणाले, “अक्का, असलं अपशकुनी जित्राब दारात कामून ठिवायलाव? उदगीरचा बँडवाला मागायलाय. देऊन टाका.”

बँडवाला म्हणजे रोज वरात, रोज फटाके, आणि तोंडात ओढून धरलेला लगाम. मी म्हटलं, “मल्लप्पा, त्यांचं हृदय बंद पडलं. घोडीनं लाथ मारली न्हाई. पुढच्या षष्ठीला ती देवापुढे चालेल.”

“आन् न्हाई चालली तर?”

“तर घेऊन जा.”

बोलून तर बसले. खरं सांगते, त्या दिवसांत माझं देवाशी भांडण होतं. दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. वाचवून मग न्यायचं, ही कसली दया? पण त्याचा दोष एका मुक्या जिवाच्या माथी मारलेला मी खपवून घेणार नव्हते. गावाकडूनही नाही, देवाकडूनही नाही.

आधी काही दिवस मी गोठ्यात नुसती स्टूल टाकून वर्तमानपत्र वाचत बसले. ती भिंतीला चिकटून थरथरायची. शाळेत मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं ते तासांच्या घंटेवर, पण घोडीला घंटा कळत नाही. तिला जेव्हा वाटेल तेव्हाच धडा सुरू होतो. तिने पहिल्यांदा माझ्या हातातला गूळ घेतला, तेव्हा मी श्वाससुद्धा जपून सोडला. मग त्याच तळव्यावर चिमूटभर हळद घेऊ लागले. हळदीच्या वासाने ती मागे सरे, आणि मी हात तसाच धरून राही. हलगीवाल्या शिवाला शेताच्या पार टोकाला उभं केलं. चंद्रीचे कान मागे पडले की त्याने थांबायचं, सैल झाले की एक पाऊल पुढे यायचं. तो हसायचा, “अक्का, मानसं मला जोरात वाजव म्हनतेत, तुमी गप र्‍हा म्हनायलाव!” मल्लप्पा वाटेवरून जाता जाता विचारायचे, “काय अक्का, घोडी इंग्लिश बोलायली का?” मी म्हणायचे, “तुमच्यापेक्षा बरं बोलायली.”

षष्ठीला मीच तिचा दोर धरला. विधवेच्या हाती देवाची घोडी म्हणून कुजबुज झाली. होऊ दिली. वेशीपासून देवळाच्या चढापर्यंत चंद्री शहाण्यासारखी चालली. चढावर कुणीतरी ओंजळभर भंडारा थेट तिच्या तोंडावर फेकला. ती दोन पायांवर उभी राहिली, दोराने माझा तळवा सोलून निघाला, आणि खाली आली ती जागेवर खिळूनच. हलगी वाढत गेली. मल्लप्पा ओरडले, “चाबूक आना!”

“आधी माझ्यावर उगारा,” मी म्हटलं.

तेवढ्यात हलगीचं कातडं फाटलं. जाळावर जास्त तापवलेलं कातडं फाटतं, हे मलाही ठाऊक आहे. शिवा मोकळ्या कड्याकडे बघत राहिला, आणि सगळा चढ एकाएकी शांत झाला. त्या शांततेत मला कळलं की मला येत होतं ते सगळं करून झालं आहे. गूळ नाही, युक्ती नाही, हातात जोरही नाही. मनात म्हटलं, तुझी आहे. ने, नाहीतर सोड. दोर खाली टाकला, तिच्याकडे पाठ केली आणि एकटीच देवळाकडे चालू लागले. मागे काहीच ऐकू येईना. मी वळले नाही. वळले असते तर तो पुन्हा माझा हट्ट झाला असता.

मग दगडावर टाप वाजली. पुन्हा वाजली. गरम श्वास माझ्या मानेवर आला, आणि दाराशी पोचेपर्यंत तिथेच राहिला.

देवापुढे मी पुष्कळ रडले, आणि हात आपोआप जोडले गेले. आजोबांना का नेलं, याचं उत्तर मिळालं नाही, मी ते मागितलंही नाही. शरण जाणं म्हणजे हरणं, असं मी आयुष्यभर समजत होते. पण सगळं बळ लावून झाल्यावर मूठ उघडणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी आधी मूठ घट्ट धरलेली असावी लागते. कृपा कुठून आली, कातड्यातून की घोडीतून, हे मी सिद्ध करायला बसले नाही. जिथून आली तिथे माझा नमस्कार पोचला.

मल्लप्पांनी खाली वाकून भंडारा तिच्या खुरांवर ठेवला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

चंद्री आपल्या गोठ्यात आहे. फटाक्यांना अजून भिते. आपल्या गावात भंडारा आता घोडीवर उधळत नाहीत, तिच्या पायांशी वाहतात.