विटोमामाची खोली

“चार वर्षं झाली मा, त्या खोलीत नुसता पलंग झोपतोय!” माझा नवरा डॉमिनिक ओरडला. “आणि आम्ही चौघं स्वयंपाकघराच्या मागे, कांद्याच्या पोत्यांसारखे.”

“कांदे निदान गप्प पडून असतात,” सासू म्हणाली. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते.

“मामा आला की आम्ही लगेच खाली येऊ. तोवर तरी...”

“तोवर त्याच्या गादीवर तुझी पोरं मुतणार. नाही.”

मी बटाटे सोलत राहिले. मधे बोलले असते तर ‘या आयरिश सुनेनेच पढवलंय’ हे तयारच होतं. आणि पढवलं होतं मीच, त्यामुळे उत्तर देणंही अवघड गेलं असतं.

माझी सासू नुंझियाता अठराव्या वर्षी इटलीतून नवरी होऊन पेनसिल्व्हेनियातल्या या स्लेटच्या खाणींच्या गावात आली. खाणीच्या धुळीने नवऱ्याची छाती खाल्ली. मग तिने ब्लाउजच्या कारखान्यात कॉलर शिवून एकुलता मुलगा वाढवला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो अमेरिकेच्या पलटणीत गेला आणि हिला पोस्टात बोलावून बोटांचे ठसे घेतले, कारण ही शत्रुराष्ट्रातली. तिने राग धरला नाही. “सरकार नवऱ्यासारखं असतं,” ती म्हणायची. “चुकतं, पण घर तेच चालवतं.”

तिचा धाकटा भाऊ विटो तिकडे इटलीत, बासिलिकातातल्या त्यांच्या डोंगरी गावात, दुसऱ्यांच्या शेतावर राबायचा. युद्धानंतर लाल पक्षाने, म्हणजे कम्युनिस्टांनी, जमीनदाराची पडीक जमीन वाटून देण्याचं कबूल केलं, म्हणून त्याने पक्षाचं कार्ड घेतलं. अठ्ठेचाळीस साली तिकडे निवडणूक आली आणि आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर गावचा पुढारी सबातिनी छापील पत्रांचे गठ्ठे घेऊन उभा राहिला. भावाबहिणींना कळवा, लालांना मत देऊ नका. खाली फक्त सही करा. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी सह्या केल्या. सासूने केली नाही. भावाला परक्याचे शब्द कशाला पाठवायचे, म्हणून तिने डॉमिनिकला बसवून स्वतःचे लिहवून घेतले. लाल जिंकले तर माझी पार्सलं बंद. हरले तर तुला इथे आणते. सबातिनीने शब्द दिला आहे.

सबातिनी गावातले अंत्यविधी करायचा, इटालियन क्लबचा अध्यक्ष होता आणि वॉशिंग्टनला निवडून गेलेल्या आमच्या माणसाचा उजवा हात होता. शिवाय डॉमिनिकच्या बाप्तिस्म्यात त्याला हातावर घेतलेला धर्मपिता तोच. म्हणून सासू त्याला ‘कोंपारे’ म्हणायची. इटालियन लोकांत हे नातं सख्ख्या भावाच्या वर एक पायरी असतं. कोंपारेने दिलेला शब्द कोणी तपासून घेत नाही.

विटोने बहिणीचं ऐकलं. भर चौकात कार्ड परत केलं आणि अख्खी आळी मतदानाला नेली. लाल हरले, पण त्यानंतर नांगरणीला त्याला बैल उसने देईना कोणी. इकडे सासूने वरच्या खोलीला निळा रंग दिला, पलंग आणला. सासऱ्यांचा जाड कोट जुन्या चादरीत शिवून पार्सलने त्याला धाडला. दरवर्षी क्लबच्या जेवणात सबातिनी तिला मंचावर उभी करायचा. “हिने एक लाल भाऊ देवाकडे परत आणला!” टाळ्या पडायच्या. त्या एका दिवसासाठी तिने हॅट घेतली होती.

अखेर या उन्हाळ्यात विटोला नेपल्सच्या अमेरिकन कचेरीत मुलाखतीला बोलावलं. काय सांगायचं, हे सासूने सबातिनीलाच विचारलं. “सगळं खरं सांगू दे,” तो म्हणाला. “सरकार आपलंच आहे.” तिने तेच भावाला कळवलं, वर स्वतःची भर घालून: पाद्र्याकडे कबुलीला जातोस तसा जा. पाप सांगितलं की धुतलं जातं. परत आलेल्या पाप्यासाठी आमच्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा करतात. एखादी कचेरी याच्या उलट वागेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

खोलीवरून भांडण चाललं होतं तेवढ्यात सबातिनीच मागच्या दाराने आत आला. निवडणुकीचे दिवस होते, कोटाला बिल्ला होता.

“काय रे गोंधळ? रस्त्यावर ऐकू येतंय.”

“घरातलं आहे,” सासू म्हणाली. हात धुऊन तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. “बस, कोंपारे.”

“रविवारी क्लबात जेवण आहे, नुंझियाता. मोठी माणसं येणार. तू मंचावर हवीस. हॅट घालून ये. विटोची गोष्ट सांग.”

“विटोला नाही म्हणाले,” सासू म्हणाली.

डॉमिनिकने माझ्याकडे पाहिलं. मलाही हे नवीन होतं.

“कधी कळलं, मा?”

“शनिवारी. पाद्र्याकडून पत्र वाचून घेतलं. एकदा लाल तो कायमचा लाल, म्हणाले. पुन्हा अर्ज करू नकोस.”

सबातिनीने जीभ चुकचुकवली. “वाईट झालं. नवा कायदा फार कडक आहे.”

“तुझा पुतण्या रेन्झो वसंतात आला. तुझी शववाहिका चालवतो. त्याने तर दहा वर्षं फॅसिस्टांचा काळा सदरा घातला होता. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“नोकरीसाठी घातला होता. तसल्यांना कायद्यात सूट आहे.”

“विटोने जमिनीसाठी कार्ड घेतलं.”

“लालांना सूट देत नाहीत. कायदा मी केलेला नाही.”

“तू केलास असं कुठे म्हटलं मी? हे तुला माहीत होतं का?”

सबातिनी कॉफीत साखर ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

“कानावर आलं होतं.”

“तो नेपल्सला जायच्या आधी?”

“मग काय, सरकारशी खोटं बोल म्हणून सांगायचं होतं मी? माझ्या पदावरच्या माणसाने?”

“रेन्झोला काय सांगितलंस?”

“रेन्झोला मोजकंच बोलायची सवय आहे.”

“मा,” डॉमिनिक हळूच म्हणाला, “जाऊ दे. आपले कोंपारे आहेत ते.”

“म्हणूनच विचारलं,” सासू म्हणाली. “दुसऱ्या कोणाला विचारलंच नसतं.”

सबातिनी उठला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, प्रेतयात्रेत विधवांच्या खांद्यावर ठेवतो तसा. “मन लहान करू नकोस. रविवारी ये. विटोची गोष्ट अजूनही चांगलीच आहे. शेवट सांगायची काही गरज नाही.”

सासूने त्याचा अर्धा भरलेला कप उचलला आणि मोरीत ओतला. मग नळ सोडून कप विसळला, पुसला आणि फळीवर पालथा ठेवला.  सबातिनीने हॅट घेतली आणि आला त्याच दाराने गेला.

 सासू पिठाकडे वळली. पोळ्या लाटल्या, पट्ट्या कापल्या, उकडल्या. नेहमीसारखं सगळं. फक्त मीठ घालायचं राहिलं आणि ते तिला सांगायची आमची कोणाची छाती झाली नाही. पोरांनीसुद्धा अळणीच खाल्लं.

“मामा काय म्हणतो?” शेवटी डॉमिनिकने विचारलं.

“कोट उबदार आहे म्हणतो.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

मला त्या विटोमामाचा चार वर्षं राग येत होता. त्याच्या पलंगाचा, त्याच्या निळ्या भिंतींचा. पाहिलाही नव्हता मी त्याला. आता ताटावरून मान वर करता येईना.

सासूने तिचं ताट सरकवलं आणि आम्हा दोघांकडे न बघता म्हणाली, “उद्या तुमचं सामान वर न्या. खोली तुमची. गादीवर रबरी कापड घाला. आणि रविवारी क्लबात या घरातलं कोणीही जाणार नाही.”